हवालदारकाका, तुमचं भिंग अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलून पाण्याच्या टाकीवर नेता, म्हणून हे उघड पत्र. सूनबाई वाचून दाखवतीलच.

त्या संध्याकाळी मी तुमच्या दारात आले ती तणतणतच. मोबाइलवर चलन आलेलं: ट्रिपल सीट, दंड एक हजार, ठिकाण खंबाटकी घाटाच्या पलीकडचं. माझी स्कूटर तर सातारा सोडून कधी गेलेलीच नाही! तुमचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता. "मेसेजमधली लिंक उघडलीस का?" चलनाच्या नावाखाली कसली कसली ॲप पाठवून लोकांची खाती रिकामी करतात, हे तुमच्याकडूनच कळलं. मग सरकारी साइट स्वतः टाइप करायला लावलीत, गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे घालून. चलन खरंच होतं. एक नाही, दोन.

दुसरं पोवई नाक्यावरचं, विना हेल्मेट, पाचशे रुपये. फोटोत मीच, डोक्याला ओढणी. मी नजर चुकवली. तुम्ही म्हणालात, "हे आधी भर. मग दुसऱ्याचं बोलू." खरं सांगते, राग आला होता तुमचा. पण भरले, तिथेच तुमच्या पायरीवर बसून.

मग तुम्ही पंचांगाशेजारचं भिंग आणलंत आणि मोबाइलवर धरलंत. फोटो बोटांनी मोठा होतो हे सांगायचा धीर मला झाला नाही. आणि बरंच झालं! चिखल उडालेल्या नंबरप्लेटवर मी ज्याला तीन समजत होते तो आठ होता, आणि त्याखाली सायलेन्सर दिसत होता तो मोटरसायकलचा. माझी बिचारी पांढरी स्कूटर, पुढे भाजीची जाळी लावलेली.

मी म्हटलं, त्या वेळी मी शाळेत होते, मस्टरवर सही आहे. तुम्ही हसलात. "मस्टरवर तुझी सही आहे, गाडीची आहे का? गाडी कुणीही नेली असेल. भांडण गाडीचं आहे, तुझं नाही. आरसी काढ." आरसीवर गाडीचा प्रकार, मेक, रंग सगळं असतं, आणि फोटोतल्या गाडीशी त्यातलं काहीच जुळत नव्हतं. इतकं सोपं होतं, आणि मी मुख्याध्यापकांचा दाखला आणायला निघाले होते.

माझा दोन पानी अर्जही तुम्ही वाचलात. मराठी शिकवते मी, काका, आणि तुम्ही लाल पेनानं 'सरासर अन्याय', 'सामान्य नागरिकाची पिळवणूक' सगळं खोडलंत. उरल्या पाच ओळी: चलन क्रमांक, माझ्या गाडीचा नंबर, फोटोतला नंबर, दोन गाड्यांतला फरक, चलन रद्द करण्याची विनंती. सोबत आरसीची प्रत आणि स्कूटरचे पुढून-मागून फोटो.

हा अर्ज वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रार म्हणून टाकला. त्याला काहीच उत्तर येईना, तेव्हा घरचे म्हणाले, हजार रुपयांसाठी कशाला हेलपाटे, भरून टाक. कुणी म्हणालं, लोकअदालतीची वाट बघ, कमी होईल. तुमचं उत्तर मी आता स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवते: "भरलंस की कबूल केलंस. आणि तडजोड ज्याची चूक आहे त्यानं करावी."

गुडघे दुखत असताना तुम्ही माझ्याबरोबर वाहतूक पोलिसांच्या ऑफिसात आलात. ओळख काढाल, जुन्या साहेबांचं नाव घ्याल असं वाटलं होतं. तुम्ही बाकावर पेपर वाचत बसलात आणि मला एकटीला खिडकीशी पाठवलंत. आतल्या ताईंनी फोटो मोठा केला, आरसी बघितली, म्हणाल्या, "ही तर मोटरसायकल आहे." अर्ज पुढे पाठवते म्हणाल्या. मी मागे वळून बघितलं तर तुम्ही शब्दकोडं सोडवत होता.

काल साइटवर पुन्हा नंबर घातला. थकीत चलन एकही नाही.

हेल्मेट आता दाराच्या खुंटीला असतं. भिंग परत द्यायला रविवारी येते. शुगरमुळे कंदी पेढे चालत नाहीत, तेव्हा भाजलेल्या शेंगा आणते, आणि गूळ सूनबाईंच्या परवानगीनं.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची बाई