सावामुराची शेवटची वर्षे वाचायला शिकवणाऱ्या सेन्सेईंना

आदरणीय सेन्सेई,
सादर प्रणाम.

जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमधील आद्य पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू) एइजी सावामुरा याच्यावरील माझा लेख पूर्ण झाला. तो दिवाळी अंकाकडे पाठवण्यापूर्वी आपले आभार जाहीरपणे मानावेत, असे मनापासून वाटले. युद्धपूर्व छपाईतील जुन्या कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपीतली अक्षरे, आपण ओळीमागून ओळ उलगडून दिल्या नसत्या, तर हा लेख एका सामन्यापाशीच थांबला असता.

तो सामना बेसबॉलप्रेमींना तोंडपाठ आहे. 20 नोव्हेंबर 1934 रोजी शिझुओकाच्या कुसानागी मैदानावर 17 वर्षांच्या सावामुराने गेरिंजर, बेब रूथ, लू गेरिग आणि जिमी फॉक्स या अमेरिकेच्या दिग्गजांना पाठोपाठ बाद केले आणि गेरिगच्या एकमेव होम रनमुळे जपानी संघ 1-0 असा हरला. त्यानंतर व्यावसायिक संघात आलेल्या सावामुराने सप्टेंबर 1936 मध्ये ओसाका टायगर्सला एकही हिट (फलंदाजाने चेंडू फटकावून बेस गाठणे) मिळू न देता जपानी व्यावसायिक बेसबॉलमधील पहिला नो-हिटर नोंदवला आणि 1937 च्या वसंत हंगामात 24 विजय मिळवून पहिल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला.

पण मी आपली खरी ऋणी आहे ती पुढच्या पानांसाठी. त्याच्या हंगामवार आकड्यांच्या तक्त्यात 1937 च्या ओळीखाली थेट 1940 ची ओळ येते, 1942 ची तर ओळच नाही, आणि ही गाळलेली वर्षे म्हणजे त्याची सैन्यातली वर्षे, हे आपण तक्त्यावर बोट ठेवून दाखवलेत. चेंडूपेक्षा कितीतरी जड हातबॉम्ब फेकून फेकून त्याचा उजवा खांदा निकामी झाला, डाव्या हाताला गोळी लागली, वर मलेरिया जडला. परतल्यावर पाय उंच उचलून वरून चेंडू टाकण्याची ती प्रसिद्ध शैली त्याला सोडावी लागली आणि तो हात बाजूने फिरवून टाकू लागला. तरीही 6 जुलै 1940 रोजी नागोयाविरुद्ध त्याने तिसरा नो-हिटर टाकला! तरुणपणीच्या वेगवान चेंडूंपेक्षा, वेग हरपल्यावर अक्कलहुशारीने साधलेला हा पराक्रम मला अधिक थोर वाटतो, आणि लेखाचा मध्य मी तिथेच ठेवला आहे.

1943 मध्ये त्याला एकही विजय मिळाला नाही, पुढे संघानेही त्याला मोकळे केले. तिसऱ्यांदा सैन्यात बोलावणे आले आणि 2 डिसेंबर 1944 रोजी त्याला नेणारे जहाज पाणतीराने बुडाले. तेव्हा तो 27 वर्षांचा होता. हा भाग वाचताना आपण बराच वेळ थांबलात आणि मग त्याचे एकूण आकडे, 63 विजय व 22 पराभव, मला स्वतः वहीत मांडायला लावलेत. हंगामवार बेरीज जुळवताना ती कारकीर्द किती तोकड्या काळात सामावली होती, हे मला नेमके उमगले. 1947 मध्ये सुरू झालेला सावामुरा पुरस्कार आजही तिथल्या पिचरना मोठा मान वाटतो. त्याविषयीचा परिच्छेदही आपल्या सूचनेवरूनच लेखात आला.

अंक हाती येताच घेऊन येईन. सावामुराचा संघसोबती व्हिक्टर स्टार्फिन, ज्याने 1939 या एका वर्षात 42 विजय मिळवले, त्याच्याविषयीचा जपानी मजकूर मी जमवून ठेवला आहे. सवड असेल तेव्हा तोही आपल्याबरोबर वाचायची इच्छा आहे.

आपली नम्र विद्यार्थिनी