मलेरियावरची प्रायमाक्विन गोळी सुरू असताना लघवी काळपट झाली तर...

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मलनिस्सारणाच्या बातम्यांत हल्ली ‘ब्लॅकवॉटर’ म्हणजे संडासाचं मैलापाणी. परळच्या लॅबमध्ये नोकरी करताना मी मात्र ‘ब्लॅकवॉटर फीव्हर’ शिकले, आणि तो मलेरियाचा जीवघेणा प्रकार. तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, हिमोग्लोबिन लघवीत उतरतं, लघवी कोऱ्या चहासारखी दिसते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. फॅल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियात क्विनाइन अधूनमधून घेणाऱ्यांत तो पूर्वी आढळे. आज तो क्वचितच दिसतो.

पण तशीच लघवी दुसऱ्या कारणानेही होते. व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार यकृतात दडून राहतो आणि पुन्हा उलटतो, म्हणून १४ दिवस प्रायमाक्विन देतात. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या पेशी या गोळीने फुटतात. हा दोष बहुतेक आईकडून मुलग्याकडे येतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीतल्या एका तरुणाची लघवी गोळ्या सुरू झाल्यावर काळी होऊ लागली. घरच्यांना वाटलं, नळाच्या पाण्यात ड्रेनेज मिसळलंय. त्यांनी पाणी उकळलं, शहाळी आणली, आणि गोळी चालूच ठेवली. शेवटी रक्त चढवावं लागलं. गोळी देताना त्यांना कोणी एक वाक्य सांगितलं नव्हतं.

(मुंबईत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्साय डास गटारात नव्हे, गच्चीवरच्या टाकीतल्या आणि बांधकामावर साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तेव्हा टाकीचं झाकण आधी बघा.)

माझी विनंती दवाखान्यांना आणि औषधविक्रेत्यांना आहे. प्रायमाक्विनच्या पाकिटावर मराठीत आणि हिंदीत ठळक लिहा: लघवी काळपट झाली, डोळे पिवळे झाले, ओठ निळसर पडले किंवा धाप लागली तर गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांकडे या. असा त्रास नसेल तर मात्र १४ दिवसांचा कोर्स अर्ध्यावर सोडू नये, नाहीतर ताप उलटतो. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला ही गोळी नको, हेही लिहा.

गोळी सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडीची चाचणी करता आली तर उत्तमच. पण पेशी फुटत असताना केलेली चाचणी चुकून नॉर्मल येऊ शकते, कारण नव्या कोवळ्या पेशींत हे एन्झाइम जास्त असतं. संशय असेल तर काही महिन्यांनी ती पुन्हा करून घ्यावी.

— एक निवृत्त लॅब टेक्निशियन, लालबाग, मुंबई