पाक आणि बर्फ

प्रिय मनू,

आजीची बर्फावरची चिक्की कशी करायची ते विचारलंस, आणि वर "त्या दिवशी दिवे गेले होते ना?" असंही. आधी दिव्यांचं सांगतो. दिवे गेले नव्हते. आईचं ऑफिसचं काम घरून चालू होतं, तू आणि सोहम टीव्हीला चिकटलेले, म्हणून तिने मागची वायर काढून खिशात टाकली आणि वादळाने टीव्ही बंद पडला म्हणून सांगितलं. तुम्ही अजूनही त्यावर विश्वास ठेवून आहात, याचं तिला फार हसू आलं.

तो मंगळवार होता, २७ जानेवारी २०१५, आपल्या बॉस्टनकडच्या मोठ्या हिमवादळाचा दिवस. आदल्या दिवशी आजीने लॅपटॉपवर दिल्लीचं संचलन पाहिलं होतं, त्या वर्षी ओबामा पाहुणे होते. शाळेचा फोन येण्याआधीच तुम्ही पायजमे उलटे घातले आणि उशीखाली चमचे ठेवले. असं केलं की स्नो डे, म्हणजे बर्फामुळे शाळेला सुट्टी, मिळतो, ही इथल्या पोरांची श्रद्धा आजीला कुठून माहीत असणार? रात्री भांडी आवरताना ती चमचे शोधत बसली. मध्यरात्रीपासून गव्हर्नर बेकर यांनी रस्त्यावर गाड्या आणायला बंदी केली, मंगळवारी टी, म्हणजे बॉस्टनची मेट्रो आणि बस, सुद्धा बंद. बॉस्टनच्या विमानतळावर त्या वादळात २४.६ इंच बर्फ मोजला गेला.

सकाळी तुम्ही बाहेर धावलात आणि दहा मिनिटांत रडवेले होऊन परत आलात. स्नोमॅन होईना. कडाक्याच्या थंडीतला तो बर्फ कोरडा, भुरभुरीत. मुठीत दाबला तरी गोळा होत नव्हता. शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फच एकमेकाला धरतो, हे मी समजावायला गेलो तर सोहमने बूट फेकले. मग टीव्ही "बिघडला", आणि अकरापर्यंत घरात नुसती कुरकुर. आईने मला तुमच्यासाठी खेळायला काही काढू दिलं नाही. आजकाल काही शाळा स्नो डेला मुलांना लॅपटॉपसमोर बसवतात. मला ते पटत नाही. ती कंटाळ्याची वेळ आली नसती तर तू स्वयंपाकघरात आजीच्या मागे जाऊन उभी राहिली नसतीस.

आजी तीळगुळाचा उरलेला गूळ संपवायला बसली होती. पाक झाला का ते बघायला ती वाटीतल्या पाण्यात थेंब टाकते, तू पाहिलंयस. तू म्हणालीस, पाणी कशाला, बाहेर एवढा बर्फ आहे. आजीने मागचं दार उघडलं, पळीभर पाक पायरीवरच्या बर्फावर ओतला, आणि तो तिथल्या तिथे आळला. तुम्ही काटा-चमच्याने उचलून खाल्लात. पुढे शेजारच्या बाई म्हणाल्या, इकडे मेपल सिरप असंच ओततात, आणि गोड फार झालं की तोंडी लावायला लोणच्यातली आंबट काकडी खातात. आजीने लगेच लिंबाचं लोणचं काढून दिलं. बाईंचे डोळे पाणावले, पण त्यांनी परत मागून घेतलं.

तर, वाटीभर चिक्कीचा गूळ, दोन चमचे पाणी, चमचाभर तूप, मंद आच. थेंबाची मऊ गोळी झाली की ओतलास तर पाक ताणला जातो आणि दाताला चिकटतो. चिक्की हवी असेल तर थांब. थेंब पाण्यात पडून कडक झाला पाहिजे. बर्फ वरचा, स्वच्छ घ्यायचा, रस्त्याकडेचा नाही, तिथे मीठ टाकलेलं असतं. आणि उकळता पाक कुणा लहान मुलाच्या हाती द्यायचा नाही.

दुपारी मी गाडी उकरत होतो तेव्हा आजी खिडकीतून बघत होती. गाडी सुरू करण्याआधी मागचा धुराचा पाइप मोकळा करायचा, हे पुढेमागे तुलाही लागेल. तो बर्फाने बुजला असेल तर विषारी वायू आत भरतो. नंतर एकदा बॉस्टनमध्ये लोकांनी उकरलेल्या पार्किंगवर खुर्च्या ठेवलेल्या दाखवल्या, तर आजी म्हणाली, एसटीत सीटवर रुमाल टाकतात तसंच की हे.

त्या हिवाळ्यात एकूण सुमारे ११० इंच बर्फ पडला, बॉस्टनचा विक्रम. लोक खिडकीतून ढिगांत उड्या मारायला लागले, शेवटी महापौर वॉल्श यांना रागवावं लागलं. शहराने सीपोर्ट भागात नेऊन टाकलेला ढीग १४ जुलैला वितळला. शाळेचे १८० दिवस भरायला तुम्हाला जूनमध्ये उकाड्यात जावं लागलं, तेव्हा चमचे कुणाला आठवले नाहीत.

तुझ्या टेंपीत, ॲरिझोनाच्या उन्हात, बर्फ मिळणार नाही. मैत्रिणींना खाऊ घालायचं तर फ्लॅगस्टाफला जा, तिथे भरपूर पडतो. पाक घरून करून नेऊ नकोस, वाटेतच दगड होईल. छोटी गॅसची शेगडी ने. गूळ इथून पाठवतो. लोणचं आजी पाठवणारच आहे.

तुझा,
बाबा