अग्निगोल पारसिकमागे पडलाच नसावा

ठाणे व नवी मुंबईच्या आकाशात दिसलेल्या तेजस्वी अग्निगोलाची बातमी वाचली. एका प्रत्यक्षदर्शीच्या हवाल्याने तो ‘पारसिकच्या डोंगरामागे पडला’ असे तीत म्हटले आहे, ते पटत नाही. अग्निगोल म्हणजे शुक्राहूनही तेजस्वी उल्का. अशा उल्का साधारण १०० किलोमीटर उंचीवर प्रकाशमान होतात आणि बहुतेक सगळ्या २० किलोमीटरच्या खाली येण्याआधीच विझतात. क्षितिजालगत दिसलेली उल्का त्यामुळे प्रत्यक्षात शंभर-दोनशे किलोमीटर दूर असू शकते. डोंगरामागे दगड शोधायला कोणी निघाले नसेल, अशी आशा आहे!

शिवाय ती उल्काच होती कशावरून? २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी राज्यात अनेक ठिकाणी दिसलेली प्रकाशरेषाही आधी उल्का म्हणूनच गाजली. मग चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरीत धातूचे मोठे कडे सापडले आणि ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचे अभ्यासकांनी सांगितले. उल्का काही सेकंदांत संपते. रॉकेटचा सांगाडा संथपणे, तुकडे होत, बराच वेळ दिसतो. बातमीत नेमका हा कालावधीच नाही. दिशा, क्षितिजापासूनची उंची, आवाज आला का आणि किती वेळाने, हेही नाही. दूरदूरच्या गावांतील अशा नोंदी जुळवूनच अग्निगोलाचा आकाशातील मार्ग काढता येतो. इंटरनॅशनल मीटिऑर ऑर्गनायझेशनच्या संकेतस्थळावर सामान्य माणसालाही त्या देता येतात. एवढी माहिती बातमीखाली चौकटीत द्यायला हवी होती.

– एक वाचक, ऐरोली