प्रौढांना व्याकरण सांगायलाच हवे

‘अमराठी प्रौढांना मराठी केवळ संभाषणातून शिकवा, व्याकरण नको’ ही आपल्या अंकातील लेखाची सूचना मला अर्धीच पटते. लहान मूल दिवसभर कानावर पडणारी भाषा सहज उचलते. नोकरीनिमित्त इथे आलेल्या माणसाला तेवढा अवधी नसतो, शिवाय मातृभाषेचे नियम त्याच्या डोक्यात पक्के बसलेले असतात. हिंदीत ‘घर को’ म्हणताना ‘घर’ तसेच राहते. त्यामुळे एरवी सफाईने मराठी बोलणारे हिंदीभाषकही ‘घरला’, ‘झाडवर’ म्हणून जातात. अर्थ कळतो, म्हणून कोणी दुरुस्त करत नाही आणि चूक जिभेवर बसते. प्रत्यय लागण्याआधी ‘घर’चे ‘घरा’, ‘पाणी’चे ‘पाण्या’ होते, हे समजावायला पाच मिनिटे पुरतात! नॉरिस आणि ऑर्टेगा या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी २००० साली दुसरी भाषा शिकवण्याविषयीच्या ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही नियम उलगडून सांगणारे अध्यापन अधिक परिणामकारक आढळले. विभक्तीची कोष्टके घोकून घेण्यास माझाही विरोधच आहे. मात्र संभाषणवर्गात चूक झाली, की तिथेच थांबून नियम सांगण्याची मोकळीक शिक्षकांना मिळावी.

– एक निवृत्त भाषाशिक्षिका, ठाणे