गडग्याकडचं कलम

देवगड,
१४ डिसेंबर

प्रिय दिन्या,

गणपतीला येऊन गेलास, त्यानंतर माझं एक अक्षर नाही. रागावलाच असशील. घरी सगळे बरे. आईचे गुडघे नेहमीसारखेच.

दिन्या, कातळाच्या सड्यावरची आजोबांची आंब्याची तिन्ही कलमं मी छाटली. वरवर नाही रे, मोठमोठे फाटे उतरवले. साठ वर्षांची झाडं, एकमेकांत इतकी घुसलेली की खाली दुपारीसुद्धा ऊन पडत नव्हतं. तुडतुड्याची कीड तिथेच दडायची. आंबा धरायचा तो पार शेंड्याला, आंबे उतरवायचा झेलासुद्धा पोचत नव्हता.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ पावसाळ्यात गावात आले होते. त्यांनी जुन्या बागांचं पुनरुज्जीवन समजावलं. पाऊस सरला की छाटणी करायची, कापावर बुरशी धरू नये म्हणून बोर्डोपेस्ट लावायची, फूट आली की विरळणी करायची. मग तिसऱ्या वर्षापासून आंबा. मी पोटतिडकीने प्रश्न विचारले, त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पेस्ट मी स्वतः कालवली. बोटं अजून निळी आहेत.

करवत लागली तेव्हा बाबा बुंध्यावर हात ठेवून उभे होते. पहिला फाटा पडला तसे म्हणाले, "मेल्या, काय केलंस ह्यां?" आणि घरी गेले. तेव्हापासून सड्यावर फिरकले नाहीत.

आजोबा असते तर? तुझं नि त्यांचं रत्ना आंब्यावरून झालेलं भांडण आठवतं ना? तू दहावीत, आणि त्यांना सांगतोस, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने ८१ साली नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना काढला, त्यात साका, तो आतला पांढरा फोपसा भाग, नाही, दरवर्षी धरतो! दोन दिवस तुला आंबा मिळाला नव्हता. मी मात्र तुझ्यासमोर बसून चापले. पण विद्यापीठाचा नूतन झेला गावात पहिला आणला तोही त्यांनीच. आंबा देठासकट उतरतो हे दिसल्यावर जुना झेला माळ्यावर टाकला. पटलं की ऐकायचे. म्हणून वाटतं, त्यांनी हेही ऐकलं असतं.

दोन कलमांना तांबूस पालवी फुटलीय. दगडी गडग्याकडचं, आपलं, अजून गप्प आहे. खोड पोखरणाऱ्या भिरुडाची धास्ती आहे. रोज रात्री बॅटरी घेऊन बुंध्याशी भुसा पडलाय का बघतो. काल सालीवर नख ओढलं, आत हिरवं होतं. आपण बसायचो तो बेचका तेवढा मी कापू दिला नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? पिंकीची यंदा दहावी ना? वहिनींना नमस्कार.

बाबा माझ्याशी जेवणापुरतं बोलतात. तुझं ते ऐकतात, लहानपणापासून ऐकतात. रविवारी सकाळी त्यांना फोन कर. छाटणीचं काही काढू नको. फक्त विचार, गडग्याकडचं कलम कसं आहे. मग तरी बघायला जातील.

तुझाच,
बाळू