मावशींनाही बोलव

कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय वैशू,

ऑपरेशनच्या टीममधल्या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला मी शिकवते, त्यावर परवा फोनवर तू म्हणालीस, "अगं, रोज एकत्र काम करणाऱ्या माणसांना बोलायला काय शिकवायचं?" मी ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दारात होते, म्हणून नंतर बोलू म्हटलं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. पीजी संपवून मी नुकतीच भूल द्यायला फिरू लागले होते. एका खासगी हॉस्पिटलात हर्नियाची साधी केस होती. केसपेपरवर ॲलर्जीपुढे 'नाही' लिहिलेलं. मी तेवढं वाचलं, पेशंटला स्वतः विचारलं नाही. भूल दिल्यावर अँटिबायोटिक सोडलं आणि काही मिनिटांत बीपी लागेना, छातीवर लाल चट्टे, श्वास द्यायची बॅग दाबावी तर दगडासारखी. ॲड्रेनॅलिन, सलाईन, पुन्हा ॲड्रेनॅलिन. माणूस वाचला, चालत घरी गेला.

संध्याकाळी मी जिन्यात बसले होते. वॉर्डातल्या मावशी चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्याची बायको सकाळी सांगत होती, मागं इंजेक्शनानं अंग सुजलेलं म्हणून. पण मी कोण सांगणार, मॅडम?"

वैशू, न विचारण्याची चूक माझीच. पण जे मला कळायला हवं होतं ते एक मजला खाली एका बाईला माहीत होतं, आणि ते माझ्यापर्यंत यायला वाटच नव्हती. मी शिकवते ते एवढंच: ही वाट कशी करायची. पुस्तकात त्याला ह्यूमन फॅक्टर्स म्हणतात. माणूस थकतो, घाबरतो, वरच्याला बिचकतो, एकाच गोष्टीत अडकून पडतो. हे सगळं होणारच असं धरून काम बांधायचं.

इंग्लंडमधली इलेन ब्रॉमिलीची केस मी पहिल्याच तासाला सांगते. २००५ साल, सायनसचं ठरवून केलेलं ऑपरेशन, बाई ३७ वर्षांची. भूल दिल्यावर श्वासनलिकेचा मार्ग मिळेना, रक्तातला ऑक्सिजन ४० टक्क्यांवर आला. तिथे अनुभवी कन्सल्टंट होते आणि ते पुन्हा पुन्हा नळी घालायचाच प्रयत्न करत राहिले. एका सिस्टरने ट्रॅकिओस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायचा, सेट आणून तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत बेड सांगून ठेवला, पण डॉक्टरांच्या नजरेवरून आपण उगाच घाई केली असं वाटून रद्द केला. इलेन १३ दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन विमानाचा पायलट. कॉकपिटमध्ये कनिष्ठाने कॅप्टनला कसं थांबवायचं हे रीतसर शिकवतात, ते त्याला माहीत होतं. सूड न मागता त्याने चौकशीचा आग्रह धरला आणि २००७ मध्ये याच कामासाठी तिकडे एक गट उभा केला. ही केस सांगताना दर वेळी मला त्या दोन सिस्टर दिसतात, आणि जिन्यातल्या मावशी.

जागतिक आरोग्य संघटनेची सर्जरीची चेकलिस्ट, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी एकेक करून तपासायच्या गोष्टींची यादी, तुझ्याही ओटीच्या भिंतीवर आहे. ज्यांनी ती घडवली त्या अतुल गावंडेंचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, मला त्याचं फार अप्रूप आहे. दिल्लीसह ८ शहरांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, २००९ मध्ये ते छापून आलं. त्यात भूल देण्याआधी ॲलर्जी विचारायची आहे, चीर देण्याआधी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं आहे. नाव कशाला, असं तुला वाटेल. जिने एकदा सगळ्यांसमोर तोंड उघडलंय तिला दुसऱ्यांदा उघडणं सोपं जातं. बहुतेक ठिकाणी मात्र केस संपल्यावर एकटी सिस्टर सगळ्या खुणा करून टाकते. त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता बोलण्याचं. गेल्या महिन्यात सिझरचा प्रसंग उभा केला होता, मी सर्जन झाले होते. एक मॉप, म्हणजे पोटातलं रक्त टिपायचं कापड, मुद्दाम लपवला आणि पोट बंद करायची घाई सुरू केली. सिस्टरच्या लगेच लक्षात आलं. ती म्हणाली, "मॅडम, मॉप बघायचे का एकदा?" मी म्हटलं, "हो हो, बघू." आणि टाके घालत राहिले. ती गप्प. पुन्हा करून घेतलं. दुसऱ्यांदा, "मॅडम, मला काळजी वाटतेय." तिसऱ्यांदा, "मॅडम, एक मॉप कमी आहे." चौथ्यांदा तिने माझ्या हातावर हात ठेवला, "थांबा. मॉप मिळेपर्यंत पोट बंद करायचं नाही." आवाज कापत होता तिचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ती रडली. अकरा वर्षं ओटीत काम करतेय ती.

बघ ना, 'बघायचे का एकदा' यात कोणी बघायचं, का बघायचं, काहीच नाही. आदराने बोलायची आपली सवय चांगलीच आहे, पण ओटीत आदर 'मॅडम' या शब्दात ठेवावा आणि पुढचं वाक्य सरळ असावं. तसंच 'कुणीतरी ट्रॅनेक्सा (रक्तस्राव थांबवायचं औषध) द्या' म्हटलं की कुणीच देत नाही. नाव घ्यायचं: "शोभा, ट्रॅनेक्सा १ ग्रॅम, १० मिनिटांत हळू." तिने म्हणायचं, "१ ग्रॅम, १० मिनिटांत. सुरू केलं." डिलिव्हरीनंतर रक्तस्राव सुरू झाला की तुझ्याकडे किती गोंधळ उडतो ते तूच मला सांगितलंयस.

पण शिकवून अर्धंच होतं. सिस्टरने थांबवल्यावर तू काय म्हणतेस त्यावर बाकीचं. ती चुकीची निघाली तरी, "बरं झालं बोललीस," एवढं सगळ्यांदेखत म्हणायचं. एकदा खेकसलीस तर वर्षभर कुणी बोलणार नाही. हे तुला लिहायचा हक्क आहे मला, कारण मीही खेकसलेली आहे.

तर येत्या महिन्यातला एक शनिवार दे. त्या दिवशी ठरवलेल्या केसेस घेऊ नकोस. लेबर रूममध्येच करू, पलंग आणि ट्रॉली तुमचीच, रक्त म्हणून बीटाचं पाणी मी आणते. सिस्टर, मामा, आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर, सगळे हवेत. आणि मावशींना 'बाहेर थांबा' म्हणू नकोस, त्यांची खुर्ची माझ्या शेजारी ठेव.

तुझी,
मंजू